शाळेच्या भिंतीपाशी मागितलेला थांबा

"हे नाव तुमचंच हाय का न्हाई, तेवढंच सांगा."

"तारामती, नाव माझं आहे. पण जागा—"

"मराठी वाचाय येत न्हाई मला, पण तेलुगू येतंय. र-ज-नी. आसंच लिव्हलंय. का दुसरी कोणी रजनी हाय ह्या गावात?"

"जागा मी दिलेली नाही. मी शाळेच्या भिंतीपाशी म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यांनीच सांगितलं होतं ना?"

"मग नाव कसं आलं इथवर? चालत आलं?"

"मला माहीत नव्हतं गं!"

"कोणाला समजावूलालाव म्याडम? थांबा तुमचा, ठोकळे तुमचे, पाटी तुमची, अन् तुमालाच म्हाईत न्हाई?"

हैदराबादेत, जामबागेतून बेगम बाजाराकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर भर दुपारी हे चाललं होतं. बसथांबा नवाकोरा होता. उद्घाटन व्हायचं होतं, पाटीवरचं प्लास्टिकही अजून कुणी नीट काढलेलं नव्हतं. वर जाहिरातीचा एवढा मोठा फलक होता की दोन्ही रस्त्यांवरून दिसावा. आणि थांब्याच्या पाठीला पाठ लावून दारूचं दुकान होतं.

छत होतं, बाक होतं आणि बाकाशेजारी कंबरेइतका उंच, रुंद कट्टा होता. हा कट्टा म्हणजे रजनीताई भालकीकरांची खरी करामत. बेगम बाजारातून मिरचीचं, धण्याचं पोतं डोक्यावर घेऊन आलेल्या बाईनं ते जमिनीवर टेकवलं की परत डोक्यावर द्यायला माणूस शोधावा लागतो. शोधलेला माणूस नेहमीच चांगला निघतो असं नाही. कंबरेएवढ्या कट्ट्यावर ठेवलं तर वाकायला नको, कुणाला हाक मारायला नको. बस आली की खांदा लावायचा, उचलायचं, चढायचं.

त्या दुपारी कट्ट्यावर प्लास्टिकचे ग्लास होते, शेंगदाण्याची पुडी होती आणि एका गृहस्थाचं कोपर होतं. उभ्यानं पिणाऱ्याला ह्याहून सोयीची उंची नाही. गृहस्थ अदबीनं म्हणाले, "झगडते कैकू अम्मा? बस तो इधरीच रुकती. बैठो ना."

"तेरे घर में जा के बैठ!" तारामतीनं त्यांना परस्पर निकालात काढलं आणि पोतं डोक्यावरून न उतरवता पुन्हा रजनीताईंकडे वळली. "म्या चार बायांना सांगितलं होतं, म्याडम आपल्या हायेत म्हून. आता त्या मला इच्यारूलाल्यात, तुला काय भेटलं?"

रजनीताईंनी कट्ट्यावरून हात फिरवला. ठोकळा त्यांच्याच हातचा होता, खरबरीतपणावरून त्यांनी ओळखला. त्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं. बाक रिकामं होतं. त्यावर बसवेना.

रजनीताई मूळच्या जामबागेतल्या. वडील प्रभाकरराव मास्तर, घराणं भालकीकडचं, पण तीन पिढ्या शहरात. निजामाच्या दफ्तरात आजोबा, शाळेत वडील. ह्या मुलीला लहानपणापासून एक खोड. कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आत भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघायची. "हा चुना आहे. ह्याला मारलं तर खप् वाजतं, सिमेंट टण् वाजतं." मुलगी बघायला आलेल्यांच्या घरी परतभेटीला गेली, तेव्हाही तिनं भिंत वाजवली होती. त्यांचा नकार आला. आई रडली. एकनाथराव मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी भिंतींशी बोलते. तिला सिव्हिलला घाला. मी आहे."

एकनाथराव म्हणजे गल्लीतले काका. रस्ते खात्यात मोठे अभियंता, गणेशोत्सवाच्या नाटकांतले कायमचे दिग्दर्शक, कुणाच्याही अडीअडचणीला "मी आहे" म्हणणारे. रजनीताईंच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. साइटवर जायचं म्हटलं की प्राध्यापक म्हणायचे, तू ड्रॉइंग काढ. काकांनी त्यांना स्कूटरवर मागं बसवून पूल दाखवले, पाया दाखवला, मुकादमांना दम दिला, "मेरी भतीजी है." वडील गेले तेव्हा काकांनीच खांदा दिला. त्यामुळे रजनीताईंच्या आयुष्यात काकांना विचारल्याशिवाय काही झालं, असं आठवून सांगता येणार नाही. नवरा वसंतसुद्धा काकांनीच पसंत केलेला. त्यानं मात्र भिंती वाजवण्याची खोड हसून घेतली. "लोकांच्या बायका नामपल्लीच्या एक्झिबिशनमधून साड्या आणतात. आमची तिथून येताना पाडलेल्या भिंतीचे तुकडे आणते."

डॉक्टरेट त्यांनी केली ती राडारोड्यावर. शहरात तेव्हा मेट्रोसाठी जुनी घरं पडत होती, मलब्याचे डोंगर उभे राहत होते, ट्रक भरून तळ्यांत ओतले जात होते. रजनीताई घटकेसरकडच्या एका खाजगी कॉलेजात शिकवत. त्यांनी कॉलेजच्या आवारात तो मलबा आणून फोडला, चाळला, त्याचे ठोकळे पाडले. पहिले ठोकळे बिस्किटासारखे मोडले. मग कळलं की जुन्या घराची खडी चुन्यासकट येते आणि ती तहानलेली असते. सिमेंट कालवलं की त्यातलं पाणी तीच पिऊन टाकते. "आधी तिला पोटभर पाजा, मग कामाला लावा," असं त्या मुलांना सांगत. मुलं हसत. ठोकळे मात्र मग मोडले नाहीत.

ह्या ठोकळ्यांचं करायचं काय, हे तारामतीनं दाखवलं. तिला ते ठाऊकही नाही. एकदा जामबागेतून जाताना रजनीताईंनी बघितलं, थांब्याचा खांब कोपऱ्यावर दारूच्या दुकानापाशी, आणि बायका उभ्या लांब पुढं, शाळेच्या भिंतीपाशी. बस खांबापाशी थांबायची, बायका पळायच्या. पोतंवाली तारामती कधीच वेळेत पोचायची नाही. तिची बस सुटताना बघत ती ड्रायव्हरला ज्या शिव्या द्यायची, त्यांत मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्हींना समान वाटा असायचा. तारामतीचे लोक उदगीरकडचे शेतकरी, ती मलकपेटला मसाले कुटून विकायची, नवरा वारलेला.

"तुम्ही खांबापाशी का उभ्या राहत नाही?" रजनीताईंनी विचारलं.

"तुमी ऱ्हावा बघू एक दिवस."

बायकांची बस आणि घरांचा मलबा, दोन्ही एका कामात बसतील असा तो थांबा रजनीताईंच्या डोक्यात तिथंच शिरला. पण बायकांना विचारायचं कसं? रस्त्यावर कागद घेऊन उभं राहिलं की बायका "टाइम नै" म्हणून निघून जात. तेव्हा सुशीलाकाकू म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे की माझ्याकडं. तिथं बोलाव सगळ्यांना. हातात वाण पडेपर्यंत बाई उठत नाही."

सुशीलाकाकू म्हणजे एकनाथरावांच्या पत्नी. काका सगळ्या गल्लीशी बोलत, म्हणून काकूंना बोलायची वेळ फारशी आली नव्हती. पण त्या संक्रांतीला त्या बोलल्या. राज्याचे दोन तुकडे होणार म्हणून बाहेर रोज मोर्चे, बंद. बायकांना घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त हवं होतं. दिवाणखाना भरला. तारामती पायरीवरच थबकली.

"आत ये की गं."

"म्या बाहेरूनच सांगते काकू. मालक न्हाईत मला. ह्या दिवशी आत कशी येऊ?"

"बसमध्ये चढताना कंडक्टर विचारतो का, मालक आहेत का म्हणून? ये आत."

आणि काकूंनी सगळ्यांदेखत तिला हळदीकुंकू लावलं. दोन म्हाताऱ्या नाक मुरडून उठायला लागल्या, पण वाण अजून मिळालं नव्हतं, त्या बसल्या.

मग काकूंनी फरशीवर रांगोळीनं अख्खा रस्ता काढला. शाळेची भिंत, औषधाचं दुकान, वळण. कोपऱ्यावर दुकान कसं दाखवायचं म्हणून बाटली काढली.

"काकू, बाटली जरा मोठी काढा! खरी केवढी मोठी दिसते!"

"माझ्या हॉलात बाटली काढायची पाळी आली. ह्यांना सांगू नका गं कुणी."

प्रत्येकीच्या हातात एक सुपारी. जिथं थांबा हवा, तिथं ठेवायची. पहिली सुपारी काकूंनी ठेवली, शाळेच्या भिंतीपाशी. "मी अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवायला जाते ना, तेव्हा इथंच उभी राहते. तिकडं कोपऱ्यावर मला एकानं 'आंटी, चखना होना?' म्हणून विचारलंय." हशा पिकला. मग सुपाऱ्यांची रांग लागली भिंतीच्या कडेनं. एक औषधाच्या दुकानापाशी. बाटलीजवळ एकही नाही. तारामतीनं सुपारी ठेवली आणि म्हणाली, "अन् एक कट्टा द्या म्याडम, वझं टेकवायला. बाक नसलं तरी चालंल."

रजनीताईंनी मोबाइलवर फोटो काढला. बायका म्हणाल्या, आमची तोंडं नकोत, घरी रागावतात. म्हणून फोटोत रांगोळी आली, सुपाऱ्या आल्या, एकही बाई आली नाही.

पुढं जे झालं, ते आमच्याच माणसांना जमतं. पालिकेनं नव्या थांब्यांसाठी बैठक बोलावली. सल्लागार म्हणून निवृत्त एकनाथरावांना बोलावलं आणि रजनीताईंनाही. ज्या बाईनं परीक्षकांपुढं उभं राहून आपल्या ठोकळ्यांची बाजू एकटीनं लढवली होती, ती म्हणाली, "काका आहेत ना. ते बोलतील माझ्या वतीनं." आपल्यात चांगल्या कामाला घरातल्या मोठ्याचा हात लागावा लागतो. लग्नपत्रिकेवर जसं आधी आजोबांचं नाव असतं, तसं. वसंत म्हणाला, "जा की स्वतः." त्या म्हणाल्या, "काकांना काय वाटेल?"

काका बैठकीहून आले ते पेढे घेऊन. "मंजूर! तू ठोकळ्यांचं बघ रजू, जागेचं मी बघतो." रजनीताई वनस्थळीपुरमला राहत, कॉलेज त्याहून लांब. त्यांनी ठोकळे पाडले, कट्ट्याची उंची स्वतः उभं राहून, तारामतीला उभं करून ठरवली, माल ट्रकमध्ये चढवला. फोनवर काका म्हणायचे, "काम जोरात आहे. एकदम बघायला ये, उद्घाटनाला." आणि त्याआधी फोन आला तो तारामतीचा. "या अन् बघा."

त्या दुपारी भांडण झाल्यावर रजनीताई तडक पालिकेच्या कचेरीत गेल्या. तिथले अधिकारी सरळ माणूस होते.

"मॅडम, एकनाथराव सर बैठकीत म्हणाले की बायकांनी हीच जागा मागितली. त्यांच्याच घरी तुमचा सर्व्हे झाला ना?"

"झाला. हा फोटो बघा, काकूंनीच रस्ता मांडलाय. बाटलीजवळ एकसुद्धा सुपारी नाही."

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "सुपाऱ्या कुणीही मांडेल. रागावू नका, वर मला हेच विचारतील. सरांच्या मिसेसनी मांडलं म्हणता? त्यांनी येऊन सांगू दे. त्यांच्या शब्दापुढं सरांचा शब्द मी बाजूला ठेवीन, थांबा हलवायचं लिहीन. पण उद्घाटनाच्या आधी. एकदा फीत कापली की माझ्या हातात काही नाही."

रजनीताई बाहेर आल्या. तारामती कचेरीच्या दारापाशी पोतं घेऊन बसली होती, पाठोपाठ आली होती. विश्वास नव्हता, म्हणून आली होती.

"काय म्हणले?"

"काकूंना घेऊन येते."

"काकू येतील?"

"त्यांनी तुला कुंकू लावलं, तारामती. दोन म्हाताऱ्या उठत होत्या तरी लावलं."

"हाव," तारामती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "काकू खोटं न्हाई बोलायच्या. म्या इथंच बसते."

रजनीताईंनी रिक्षा केली, काकांच्या दाराशी उभी करून ठेवली आणि आत गेल्या. दिवाणखान्यात काका पेपर वाचत होते. काकू खुर्चीत अंबाडी निवडत होत्या.

"ये ये, डॉक्टरीणबाई! पाटी बघितलीस का? तुझं नाव मी भांडून घातलंय."

"काका, जागा कुणी बदलली?"

पेपर खाली आला. काकांनी चष्मा काढून पुसला. "बस. पाणी घे."

"कुणी बदलली?"

"जागा काय, जागाच. कोपऱ्यावर फलक दोन रस्त्यांवरून दिसतो. जाहिरातवाल्यालाच थांबा बांधायचा होता, त्यानं तीच जागा मागितली. नाहीतर तुझा थांबा कागदावरच राहिला असता."

"तुम्ही बायकांचं नाव घेतलंत. बायकांनी मागितली म्हणालात."

"त्यात काय? बायका सगळीकडं उभ्या राहतात."

"काका!"

"ओरडू नकोस." आणि मग काकांचा आवाज एकदम उतरला. नाटकात असा आवाज ते दुसऱ्यांना काढायला शिकवायचे. ह्या वेळी तो खराच होता. "प्रतापचं नाव तिकडच्या यादीत होतं, रजू. राज्य तुटलं तसं खातं वाटलं गेलं, माणसं वाटली. माझा मुलगा इथं जन्मला, इथं शिकला, आणि त्याला म्हणतात तू आंध्रात जा. का? आडनाव इकडचं वाटत नाही म्हणून? तेलंगणवाले म्हणतात तुम्ही मराठी. पुण्याला गेलो की म्हणतात तुम्ही हैदराबादी. आम्ही म्हाताऱ्यांनी मरायच्या वेळी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? त्या फलकवाल्याची वर ओळख होती. यादी दुरुस्त झाली. एवढंच झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू ठोकळे दिले असतेस?"

रजनीताईंना स्कूटर आठवली असेल, मुकादमांना दिलेला दम आठवला असेल. नंतर कुणी विचारलं तर त्या एवढंच म्हणत, त्या क्षणी मला कळलं, काकांनी हे आधीच ठरवलं होतं, आणि तरी हसत मला पेढा भरवला होता.

"तुम्ही मला विकलंत, काका."

"शब्द जपून वापर. तुझ्या बापाच्या जागी आहे मी."

"बाबांनी माझं नाव त्या ग्लासांखाली लिहिलं नसतं."

काकांचा चेहरा लाल झाला. "कोण तक्रार करतंय? ती पोतंवाली? तिला काय, आज इथं, उद्या तिथं. तू तिच्यासाठी माझ्या दारात येऊन भांडतेस?"

"भांडायला नाही आले. काकूंना न्यायला आलेय." रजनीताई वळल्या. "काकू, कचेरीतले साहेब म्हणाले, तुम्ही येऊन खरं सांगितलंत तर थांबा हलेल. तुमचं घर, तुमची रांगोळी. दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नाही. बाहेर रिक्षा उभी आहे. तारामती तिथं वाट बघतेय."

काकूंचे हात थांबले. मांडीवर अंबाडीची जुडी तशीच.

"ती कशाला येईल?" काका हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "त्या दिवशी हॉलमध्ये एवढा गोंधळ, कुणी कुठं काय ठेवलं, कुणाला आठवतंय? सुशीला, सांग हिला. बायकांनी कोपराच म्हटलं होतं ना?"

काकूंनी भिंतीवरच्या प्रतापच्या फोटोकडं बघितलं.

"सांग ना. प्रतापची ऑर्डर अजून पक्की नाही, हेही सांग."

"काकू," रजनीताई म्हणाल्या, "मला खोटी ठरवायची असेल तर तुम्ही ठरवा. पण तोंडानं बोला."

"सुशीला."

"काकू, येता?"

काकू उठल्या. मांडीवरची पानं फरशीवर पडली, त्यांनी ती वेचली नाहीत. पदर डोक्यावरून घेतला, दारातल्या चपला घातल्या. काका अर्धे उठले, "अगं, कुठं निघालीस? ऐक आधी!" रजनीताई त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरल्या. रिक्षावाल्यानं काकूंना येताना बघून लगबगीनं सीट झटकली.

"आओ अम्मा, बैठो."

काकू रिक्षाच्या अगदी जवळून गेल्या. थांबल्या नाहीत. रजनीताईंकडं बघितलं नाही, वर खिडकीत आलेल्या काकांकडंही नाही. कचेरी डाव्या हाताला होती, घर मागं होतं. काकू उजवीकडं वळल्या आणि चालत राहिल्या.